मुकं टेकाड

अहो पाहुणे, हाक मारू नका! वहिनी मागं राहिल्या असतील तर चार पावलं मागं जा आणि हाताला धरून आणा. या टेकाडावर नावानं हाक मारायची नाही. उगीच नाही याला मुकं टेकाड म्हणत. गुराखीसुद्धा इथं गाईला हाळी देत नाही, नुसती जीभ वाजवतो. या, बसा इथं. ती पलीकडं मंडळी दिसतात ना, ते गोंधळी. एकाच्याच हातात तुणतुणं आहे आणि बाकीचे मांडीवर रिकामे हात ठेवून बसलेत. तुम्हाला वाटेल, काय आळशी माणसं! तसं नाही. घरी प्रत्येकाचं तुणतुणं आहे, पण इथं एकच आणतात.

का ते सांगतो. मी काही डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आमच्याकडं असं सांगतात. फार मागं या वाटेनं नागू गोंधळी कोकणात उतरायचा. बरोबर बायको साळूबाई, कोंडी आणि सिदू असे दोन मुलगे, आणि शेंडेफळ येमू. गोंधळाला संबळ लागतो, पण या घरात संबळ नव्हता, नुसती तुणतुणी. लाकडाचं पोकळ नळकांडं, त्याला तळाशी कातडं आणि वर ताणलेली एक तार, एवढंच ते वाद्य. पाचही तुणतुणी एकाच फणसाची. येमू जन्मापासून आंधळी, पण सूर लावून द्यायची तीच. बापाची तार जरा उतरली की म्हणायची, "आबा, तुमची झोपली बघा."

आंधळ्या पोरीला घेऊन रानवाटा तुडवायच्या, म्हणून नागूनं तिला एक सांगून ठेवलं होतं. या रानात चकवा असतो, वाट चुकवून माणसाला कड्यावर नेणारं भूत. "त्यो आईबापाचा आवाज काढतो बरं का येमे. हाकंला जायचं न्हाई. पर त्याला तार लावता येत न्हाई. आपलं तुणतुणं ऐकलंस तरच यायचं." बाप निम्मं गमतीनं बोलला होता. पोरीनं मात्र ते मनाशी घट्ट धरलं.

एकदा भादव्यात ही मंडळी याच टेकाडावर भाकरी सोडायला टेकली. येमू पाण्याच्या आवाजानं झऱ्याकडं गेली आणि तेवढ्यात दरीतून धुकं चढलं. इथलं धुकं तुम्ही पाहिलेलं नाही. स्वतःचा हात दिसत नाही. आणि टेकाडाला तीन बाजूंनी कडा, सरळ तुटलेला.

मग काय विचारता! साळूबाईनं हाका मारल्या. बापानं मारल्या, भावांनी मारल्या. कड्यावर आपटून त्या हाका चहूकडून परत यायच्या. साळूबाईचा आवाज फाटला. "येमे, माजे बाय, ये गं!" पण येमूची ओ नाही. कोंडी शोधायला निघाला तर दहा पावलांत त्याचा पाय कड्यावरून सुटता सुटता राहिला. सिदूनं त्याला मागं ओढलं.

तेव्हा नागूला स्वतःचेच शब्द आठवले. घोंगडीत गुंडाळलेलं तुणतुणं त्यानं काढलं आणि वाजवलं. पण धुक्यात कातडं लगेच ओलावलं, सैल पडलं. खुंटी पिळली, तरी आवाज भद्द, मडकं बडवल्यासारखा. तो ऐकून, म्हणे, येमू मागं सरकली. तिला वाटलं, चकवा तार लावायला बघतोय आणि त्याला जमत नाही. मागं कडा होता.

कातडं शेकायला विस्तव पाहिजे. चकमकीनं त्यांनी देवीची दिवटी पेटवली, पण तेल थोडंच होतं. रानातलं सगळं लाकूड भिजून चिंब. कोरडं काय होतं, तर घोंगडीतली तुणतुणी.

कोंडीनं आपलं फोडलं आणि दिवटीवर धरलं. त्या जाळावर बापाचं तुणतुणं शेकलं. तार सुरात आली, वाजली, आणि जाळ बसला तशी पुन्हा उतरली. मग सिदूचं गेलं. सिदू ढसाढसा रडला, पण त्यानंच ते आपल्या हातानं जाळात घातलं. साळूबाईनं स्वतःचं टाकलं. आता दोनच उरली, बापाचं आणि पोरीचं. बापाचं तुणतुणं मोठं, खणखणीत. पोट भरायचं ते त्याच्यावर.

"पोरीचं ऱ्हाऊ द्या," साळूबाई म्हणाली. "त्ये तिच्या कानातलं हाय."

नागूनं आपलं तुणतुणं कपाळाला लावलं आणि गुडघ्यावर मोडलं. त्या जाळावर येमूचं शेकून तो वाजवत राहिला. जाळ खाली बसत चालला, तसा तो खुंटी पिळत गेला. आता जाळायला काही नव्हतं. अंबाबाईला काय काय बोलला असेल, त्याचं त्यालाच ठाऊक. शेवटी तार तुटली.

सगळं गप्प झालं. आणि इतकी वर्षं तार तुटली की नागूच्या तोंडून जी शिवी जायची, तीच गेली. कुठली ते विचारू नका, बायाबापड्या बसल्यात.

धुक्यातून, अगदी जवळून, पोर खुदकन हसली. "आबा, तुटली व्हय?"

साळूबाई हातांनी भुई चाचपत त्या हसण्याकडं गेली आणि पोरीला तिनं पोटाशी धरलं. असं धरलं की येमू म्हणाली, "आये, दुकतंय." मग साळूबाई तिला गदागदा हलवून विचारायला लागली, "एवढ्या हाका मारल्या, ऐकल्या न्हाईस का गं मेले?"

"ऐकल्या की," येमू म्हणाली. "पर तू रडत हुतीस. तू कदी रडत न्हाईस. म्हून मला वाटलं, ह्योच चकवा."

त्या माउलीनं जीव तोडून मारलेली एकेक हाक पोरीला कड्याकडं ढकलत होती.

म्हणून आजही या टेकाडावर कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. आजही भादव्यात नागूच्या घरची माणसं येतात, एकजण वाजवतो आणि बाकीचे रिकाम्या हातांनी ऐकतात. आणि आमच्या या वाडीत आई पोरांसमोर रडू आलं तर लपवत नाही, चुलीपुढं बसून खुशाल रडते. आईचा तोही आवाज पोरांना ओळखता आला पाहिजे.