गुणाजी तांडेलाच्या गाणाऱ्या पेट्या

खारवेळात वीज नुकतीच पोचली होती आणि गावचे निम्मे बाप्ये परदेशी बोटींवर कामाला होते, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हाचं आता कुणी उरलं नाही. गोष्ट मात्र उरली.

बोटीवरची माणसं घरी येताना रेडिओग्राम आणत. कपाटाएवढं लाकडी धूड, पुढे जाळीदार कापड, आत रेडिओ, आणि झाकण उचललं की गाण्याच्या तबकड्या वाजवायचं चक्र. गाव त्याला नुसतं पेटी म्हणे. पुढे हातात मावणारे ट्रान्झिस्टर आले आणि पेट्या अडगळ झाल्या. कुणी त्यात कोंबड्या बसवल्या, कुणी भात भरलं.

गुणाजी तांडेल बोटीवरची नोकरी संपवून परतला तेव्हा त्याला हे बघवलं नाही. तो दारोदार जाऊन टाकलेल्या पेट्या मागू लागला. प्रत्येक घरी तो बाईमाणसाला एकच विचारी, "हिच्यावर शेवटचा काय लावलेला?" आणि तीच तबकडी पेटीबरोबर नेई.

पेटी सुरू केली की लगेच गात नाही. आतले काचेचे वाल्व तापेपर्यंत ती नुसती घरघरते, आणि प्रत्येकीची घरघर निराळी. असं म्हणतात, गुणाजी डोळे मिटून ओळखायचा. ही कुबलांची. ही खवणेकरांची, हिच्या मागच्या पायाला वाळवी लागली आहे.

बघता बघता पडवीत एकोणीस पेट्या झाल्या, त्यांत एक घरचीच, बापाने आणलेली. धाकटा भाऊ बाबल वैतागला.

"दादा, माझी जाळी भायर कुजतत आणि तुझी खोकी सुक्यात निजतत."

"खोकी नाय रे ती. लोकांची घरां ती."

"मगे त्यांका जेवूकय वाढ. मी येवच्या आधी पडवी रिकामी कर, नायतर एकेक समुद्रात ढकलतंय."

असं बोलून बाबल पहाटेच होडी घेऊन गेला. बरोबर आणखी चार होड्या होत्या.

माघाचे दिवस होते. ऊन वर येण्याऐवजी धुकं उतरलं, इतकं की स्वतःचा हात दिसेना. खारवेळच्या किनाऱ्यापुढे पाण्यात खडकच खडक. त्यातून प्रत्येक घराची आपापली अरुंद वाट, आणि ती थेट आपल्याच घरापुढच्या वाळूच्या पुळणीवर येते. वाट चुकली की होडी फुटलीच. बायकांनी हाका मारल्या, थाळ्या वाजवल्या. धुक्याने सगळं गिळलं.

गुणाजीने त्या पाच घरांच्या पाच पेट्या बाहेर काढल्या. धक्क्यावर बर्फाचा कारखाना होता, आणि दिवसा वीज फक्त तिथेच असे. तिथून तार घेऊन पाचही पेट्या धक्क्यावरच लावल्या. गाणी सुरू झाली. धुक्यातून कुणाचीशी आरोळी आली, आणि ती सरळ धक्क्याच्या खडकांकडे येऊ लागली.

बाबलची बायको द्वारका धावत आली. "भावजी, बंद करा ती. सगळी एकाच जाग्यावरसून गातत. आमच्या माणसांनी आपली वाट खयची ती कशी वळखाची?"

गुणाजीने कपाळावर हात मारून घेतला. "चुकलंय गो. घराघरातली पेटी वळखणारो मी, आणि घरांच इसारलंय."

मग बायकांनी पेट्या पालखीसारख्या खांद्यावर घेतल्या. ज्या घरची पेटी, त्या घरापुढच्या पुळणीवर ती ठेवली. घरोघरच्या तारा सोडवून, कारखान्यापासून जोडत जोडत नेल्या. चार पेट्यांना पुरल्या. तांडेलांचं घर अगदी टोकाला. तिथे चाळीस हात तार कमी पडली.

गुणाजी ओल्या वाळूत बसला. झाकणावर हात ठेवून म्हणाला, "माझ्या बाबल्याक घराकडे आण. मगे तेणा तुका समुद्रात ढकलल्यान, तरी मी काय बोलाचंय नाय."

असं म्हणतात, तार शेवटपर्यंत पोचलीच नाही. तरी पेटी आधी घरघरली, आणि मग गाऊ लागली.

त्या दिवशी पेट्यांचे आवाज कोसभर पाण्यावर गेले, असं म्हणतात. कुबल आपल्या पेटीच्या रोखाने आले, खवणेकर आपल्या. चार होड्या वाळूला लागल्या. बाबल सगळ्यांच्या शेवटी आला. कमरेएवढ्या पाण्यात उतरून म्हणाला, "दादा, बापाशीची पेटी गाण्याआधी खोकता ना, तो खोकलो ऐकलंय आणि होडी वळवलंय."

मग त्याला वाळूत लांब पडलेलं तारेचं टोक दिसलं. तो ओल्या कपड्यांनीच भावाशेजारी बसला, आणि त्यानेही झाकणावर हात ठेवला.

गुणाजी गेला त्याला किती वर्षं झाली, हे नक्की कुणी सांगत नाही. पण खारवेळात आजही कुणी पेटी टाकत नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की पाच घरांपुढे पाच पेट्या मांडतात. चार घरांच्या तबकड्या पुऱ्या वाजल्याशिवाय कुणी होडीत पाय ठेवत नाही. त्या चार पेट्यांना तार जोडतात. तांडेलांच्या पेटीला जोडत नाहीत. घरातलं वडील माणूस तिच्या झाकणावर हात ठेवून "गुणाजीबाबा, आमची माणसां घराकडे आण" म्हणतं, आणि सगळी पुळण गप्प उभी राहते. कुणाला घरघर ऐकू येते, कुणाला नाही. ऐकू आली असं बाबल-द्वारकेच्या घरातलं कुणी म्हणालं, की होड्या पाण्यात लोटतात.