नारबा तारीचं हिरवं इंजिन

एका खाडीच्या काठी एक तारी राहत होता. तारी म्हणजे तर चालवणारा, माणसांना होडीने या काठावरून त्या काठावर पोचवणारा. त्याचं नाव नारबा. खाडीवर पूल नव्हता. डॉक्टरकडे जायचं असो की लग्नाला, गावाचं नारबावाचून पान हलत नसे, आणि हे नारबाला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याच्या होडीला एक जुनं रॉकेलचं इंजिन होतं, दोरी ओढून सुरू करायचं. त्याच्यावर नारबाचा फार जीव. त्याची बायको द्वारका म्हणायची, "मला ताप आला तर हे विचारत नाहीत, आणि इंजिनाला खोकला आला की जेवण सोडतात."

गावात एक रीत होती. नारळी पौर्णिमेला भरती पुरी चढली की गावाचा नारळ एका होडीतून खाडीच्या मुखाशी न्यायचा आणि दर्याला द्यायचा. ज्याची होडी नारळ नेईल, त्याच्याकडे वर्षभर तर चालवायचं काम. बावीस वर्षं हा मान नारबाकडे होता.

त्या वर्षी नारबाने ठरवलं, सणाला इंजिन नवरीसारखं दिसलं पाहिजे. त्याने ते होडीवरून उतरवून अंगणात आणलं, गंज खरवडला आणि हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात मारले. कुठला कोपरा म्हणून सोडला नाही. इंजिन असं चकाकायला लागलं की शेजारची कोंबडी त्यात स्वतःचं तोंड बघून भांडायला उठली.

पौर्णिमेच्या सकाळी इंजिन होडीला बसवलं, हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि नारबाने ऐटीत दोरी ओढली. इंजिन ढिम्म. दहा वेळा ओढली, वीस वेळा ओढली. साधी फुरफुरसुद्धा नाही.

मग काय, धक्क्यावर जमलेल्या प्रत्येकाला अचानक इंजिनातलं कळायला लागलं. एक म्हणाला प्लग गेला, दुसरा म्हणाला कार्बोरेटरमध्ये कचरा आहे, तिसऱ्याला दृष्ट लागलेली स्पष्ट दिसत होती. नारबाने सगळ्यांचं ऐकलं, आणि एकदमच ऐकलं. प्लग नवा घातला, कार्बोरेटर उघडून धुतला, स्क्रू पिळले, वर लिंबूमिरची बांधली. इंजिन तसंच गप्प, आणि आता कुठला स्क्रू आधी किती आवळलेला होता हेही आठवेना. पलीकडच्या बाजारातून मिस्त्री आणला. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "याचं वय झालं. भंगारात द्या."

यशवंता नावाच्या दुसऱ्या नावाड्याने नुकतीच नवी होडी घेतली होती. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "नारबाभाऊ, भरती पुरी व्हायला दोन तास आहेत. तुमचं नाही जमलं तर मी नेतो. गावाचा नारळ काठावर राहायला नको." बोलणं अगदी बरोबर होतं, म्हणून नारबाला ते जास्त लागलं. नारळ गेला म्हणजे तरही गेली. या वयात दुसरं कोणतं काम मिळणार? दोरीने तळहात सोलले होते आणि त्याला चक्क रडू येत होतं.

तेवढ्यात द्वारका भाकरी घेऊन आली. होडीत पसरलेले नटबोल्ट बघून तिने विचारलं, "हे काय चाललंय?"

"बिघाड शोधतोय."

"असा? अहो, स्टोव्ह पेटत नसला तर मी काय करते? आधी रॉकेल आहे का बघते. मग ते वर येतंय का बघते. मग पिन मारते. एक झालं की दुसरं. तुम्ही तर सगळा संसार उघडून बसलाय!"

धक्क्यावर हशा पिकला. नारबाचे कान लाल झाले. चार माणसांत बायकोने शिकवलेलं कुणाला आवडतं? "तू घरी जा" हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण त्याने वर चढणाऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि ते गिळले. "बरं बाई," तो म्हणाला, "तू सांगशील तसं."

आधी रॉकेल. नळी सोडून डब्यावर धरली, रॉकेल धारेने आलं. तिथे काही दोष नव्हता. द्वारकेने कॉक बंद करायला लावला, डबा लांब ठेवला, सांडलेलं पुसून वास जाऊ दिला. मग ठिणगी. प्लग काढून त्याला त्याची वायर लावली आणि फडक्यात धरून द्वारकेने तो इंजिनाच्या हिरव्या अंगावर टेकवला.

"तिथे नको गो!" नारबा खेकसला. "रंगावर टेकवलास तर ठिणगी पडेल कशी? तिला उघडं लोखंड लागतं."

द्वारकेने प्लग पान्याने रंग उडालेल्या एका नटावर टेकवला. नारबाने दोरी ओढली. ठिणगी नाही. म्हणजे दुखणं ठिणगीचंच होतं, कार्बोरेटर उगाच धुतला गेला.

"इंजिन शेवटचं चाललं, त्यानंतर तुम्ही काय काय उघडलंत?"

"काही नाही. फक्त रंग दिला."

"रंग देताना काही सोडवलंत?"

नारबाने डोकं खाजवलं. "ही काळी वायर तेवढी सोडवली होती. बोल्टाखाली गंज होता, तो खरवडला, तिथेही मस्त दोन हात मारले आणि वायर परत आवळली."

"मग आता ती वायर कशावर टेकलीय?"

नारबाचा हात डोक्यावरच राहिला. त्या काळ्या वायरीतून ठिणगीची वीज इंजिनाच्या लोखंडात उतरायची, आणि ती वाट त्यानेच मोठ्या हौसेने ऑइलपेंटने बुजवली होती. आत्ताच तर आपण बायकोला शहाणपण शिकवलं! वायर तुटली होती असं सांगून मोकळं व्हावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण मग तो उठून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इंजिन बिघडलं नव्हतं. मी बिघडवलं."

त्याने सुरी घेतली आणि आपल्या लाडक्या हिरव्या रंगावर चालवली. पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडलं, वायर आवळली, प्लग पुन्हा नटावर टेकवला. दोरी ओढताच निळी ठिणगी तडतडली.

"पडली!" सगळा धक्का ओरडला.

पसरलेले नटबोल्ट जागच्या जागी आवळले, प्लग बसवला, नळी जोडली, कॉक उघडला. पहिल्या ओढीला इंजिन खोकलं, दुसऱ्या ओढीला काळा धूर ओकलं. नारबाने पिळलेला स्क्रू जरासा सैल केला आणि तिसऱ्यांदा दोरी ओढली. फट्... फट्... फटफटफटफट! खाडीवरचे बगळे उडाले. यशवंताने स्वतः आपल्या होडीचा भोंगा वाजवला. भंगारवाला मिस्त्री मात्र एव्हाना कुठे दिसेना.

भरती पुरी झाली होती. पंचांनी नारळ नारबाच्या हातात दिला. नारबाने तो द्वारकेच्या हातात ठेवला.

"अरे, हा मान तारीचा!" एक म्हातारा कुरकुरला.

"बरोबर आहे," नारबा म्हणाला. "इंजिन मी रंगवलं, चालवलं हिने."

होडी खाडीच्या मुखाशी पोचली. द्वारकेने दोन्ही हातांनी नारळ दर्याला दिला तेव्हा काठावर असा जल्लोष झाला की इंजिनाचा आवाजसुद्धा ऐकू येईना. त्या वर्षीची तर नारबाकडेच राहिली.

यातून घ्यायचं तात्पर्य ते असं: काही बिघडलं तर एकेक गोष्ट तपासत जावं, आणि आपण ज्या कामाचं कौतुक करून घेतो, तेही त्यातून वगळू नये.