वरून उत्तर आलं नाही

पाळकीणबाई तीन रविवार माझ्या मागे लागल्या आहेत. चर्चमध्ये उपासना संपली की दारातच गाठतात. "आजोबा, मंडळीच्या अंकाला ती विहिरीची गोष्ट लिहून द्या ना." मी म्हटलं, माझी शाळा चौथीत संपली, लिहिताना बोटं दुखतात, आणि लोक गोष्ट वाचतात, छान म्हणतात आणि जेवायला जातात. कशाला लिहायची? त्या हसल्या आणि वही हातात कोंबून गेल्या. वर बजावून गेल्या की हा दृष्टांत आहे, त्यात नावं घालायची नसतात. वृद्ध, शिष्य, व्यापारी असंच लिहा. बरं. पाळता येईल तिथवर पाळीन.

एकदा एक विहीर होती. माणसं मागून येतील, आधी विहीर सांगतो, कारण ती नीट समजली नाही तर पुढचं काहीच समजणार नाही. पन्नास हात खोल. वरचा अर्धा भाग दगडांनी बांधलेला, खाली नुसता मुरूम. एका लाकडाच्या व्यापाऱ्याच्या वखारीत ती होती. बरीच वर्षं वापर नसल्यामुळे गाळाने भरली होती. त्या साली उन्हाळा कडक होता. गाळ काढला तर झरा मोकळा होईल आणि सगळ्या आळीला पाणी मिळेल, म्हणून व्यापाऱ्याने काम काढलं.

ते काम एका वृद्धाकडे आलं. चाळीस वर्षं त्याने विहिरीच केल्या होत्या. प्रभूवर विश्वास ठेवणारा माणूस. वाचता येत नव्हतं, पण ऐकून ऐकून शास्त्र पाठ होतं. त्याच्या हाताखाली चार गडी होते आणि एक शिष्य. शिष्य बावीस वर्षांचा, अंगात रग, लग्नाला चारच महिने झालेले.

विहिरीच्या तोंडावर दोन खांब, त्यांवर आडवं लाकूड आणि लाकडाला चाक. शिष्याच्या कमरेचा दोर चाकावरून मागे जमिनीत ठोकलेल्या खुंट्याकडे जाई. खुंट्याला वेढा देऊन वृद्ध तो दोर सोडी आणि आवळी. गाळाची पाटी गडी दुसऱ्या दोराने ओढीत आणि बाजूला रिकामी करीत. खुंट्याच्या अलीकडे पुरुषभर उंचीचा ढीग झाला होता.

वृद्धाचे दोन नियम होते. पहिला, कमरेची गाठ वरच्याने बांधायची आणि वरच्यानेच सोडायची. खालच्याने गाठीला हात लावायचा नाही. दुसरा, दर पाटीला खालच्याने हाक द्यायची, "आहात का?" आणि वरच्याने उत्तर द्यायचं, "आहे!" उत्तर आल्याशिवाय खाली घमेलं हलवायचं नाही.

गाठ बांधून झाली की वृद्ध डोळे मिटून प्रार्थना करी. तीही केवढी? "बापा, याला मी धरतो. मला तू धर." संपली.

शिष्याला त्याचं हसू येई. त्याला पाव तास चालणाऱ्या, मोठमोठ्या शब्दांच्या प्रार्थना आवडत. त्या दिवशी सकाळी तो म्हणालाच, "बाबा, माझ्या हाकेला तुम्ही उत्तर देता. तुमच्या हाकेला वरून उत्तर येतं का कधी?"

वृद्ध म्हणाला, "उतर खाली."

दुपारपर्यंत काम नीट चाललं. मग वखारीत लाकडाची गाडी आली. व्यापाऱ्याने वृद्धाला न विचारता चारही गडी ती रिकामी करायला नेले. वृद्ध विहिरीत वाकून ओरडला, "पोरा, वर ये! गडी गेले!"

खालून आवाज आला, "पायाखाली ओल लागलीय बाबा! दोन पाट्या भरून ठेवतो!"

"एक घमेलंही नको. ये म्हणतो ना!"

गडी कामाला लावून व्यापारी काठावर परत येऊन उभा राहिला होता. तो वयाने शिष्याहून थोडा मोठा, बोलण्यात वाकडा. तो खाली तोंड करून म्हणाला, "ये बाबा ये वर. बायको रडत बसली असेल घरी." आणि हसला.

शिष्याला राग आला. त्याने रागाच्या भरात दोनाच्या जागी तीन पाट्या भरल्या. वर येण्याची हाक होऊन गेल्यावर त्याने ही गाळाची खोदाखोद केली, हे लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्यात त्याचीही चूक होती. मुरुमाचा पाया त्यानेच हलवला.

मग तो चढायला लागला. एका माणसाला दुसरा माणूस सरळ ओढून काढता येत नाही, म्हणून शिष्य भिंतीच्या खाचांत पाय रोवत चढे आणि वृद्ध तेवढा तेवढा दोर आवळत जाई. मुरूम संपून बांधकाम लागलं. शिष्याने बांधकामाच्या तिसऱ्या-चौथ्या दगडावर पाय दिला, आणि ती सगळी बाजू पायाखालून निघाली.

दगड खाली गेले. त्यांच्याबरोबर काठाची माती गेली, एक खांब गेला, चाक वाकडं होऊन पडलं. शिष्य दोन हात खाली आला आणि कमरेला हिसका बसून थांबला. डोळ्यांत माती. खाली दगड गाळात पडल्याचे आवाज येत होते. थोड्या वेळाने आवाज थांबले आणि तो लोंबकळत राहिला. खाली पंचवीस हात मोकळी जागा आणि तळाला फुटके दगड.

त्याने हाक दिली. "बाबा! आहात का?"

उत्तर आलं नाही.

"बाबा! आहात का?"

नाही.

काठावर व्यापाऱ्याचं डोकं दिसलं. तो खुंट्याच्या समोरच्या काठाला होता. तिथून त्याला मोडलेला सांगाडा आणि गाळाचा ढीग एवढंच दिसत होतं. तो ओरडला, "अरे, इथं कोणी नाही! म्हातारा पळाला! दोर लाकडात अडकलाय नुसता, आत्ता तुटेल!"

शिष्य म्हणाला, "शेट, पाहा ना नीट!"

"काय पाहू? नाही म्हणतो ना कोणी! तुझ्या डाव्या अंगाला मोठा दगड पुढे आलाय बघ. गाठ सोड आणि त्याच्यावर उडी घे! मी माणसं आणतो!"

डोकं नाहीसं झालं. पळणाऱ्या पावलांचा आवाज आला आणि विरला.

दगड खरंच होता. डाव्या बाजूला, हात लांब केला तर एक वीत कमी पडेल इतक्या अंतरावर. रुंद, बसण्यासारखा. पण दोर तिथवर पोहोचत नव्हता. गाठ सोडली तरच उडी घेता येणार होती.

शिष्याने हाकांवर हाका दिल्या. मग त्याने ज्या शिव्या दिल्या त्या मंडळीच्या अंकात लिहिता येणार नाहीत. मग तो रडला. मग त्याने प्रार्थना करायला घेतली. लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थनेचा पहिला शब्द त्याला आठवेना. पाव तास प्रार्थना करणाऱ्याला एक शब्द सापडेना. आणि त्याची बोटं आपोआप कमरेच्या गाठीशी गेली. गाठीचा पहिला पदर त्याने सोडला. दुसरा राहिला.

वरून माती पडली. त्याने तोल सावरायला एका हाताने डोक्यावरचा दोर धरला, आणि हात तसाच राहिला.

दोर थरथरत होता.

त्याने दोर गालाला लावला. थरथर बारीक होती. ती वाढे, मग जरा उतरे, पुन्हा वाढे. दमलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवला तर असं लागतं. लाकडात अडकलेला दोर श्वास घेत नाही, एवढं त्या शिष्याला चार वर्षांच्या कामातून कळत होतं. पण वर कोणी नाही, असं डोळ्यांनी पाहिलेला माणूस सांगून गेला होता. पाहणाऱ्याचं खरं मानायचं की गालाला लागतं ते?

त्याने डोळे मिटले. लांब काही सुचलंच नाही. तो म्हणाला, "बापा, मला ऐकू येत नाही. पण मी सोडत नाही."

आणि त्याने गाठीचा सुटलेला पदर पुन्हा घातला. चार वेळा चुकला. पाचव्यांदा बसला. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ते भाषणात म्हणतात. भीती होती तशीच होती, पण त्याच्या बोटांत गाठ बांधण्याइतकं बळ आलं, आणि ते त्याच्याजवळ क्षणापूर्वी नव्हतं.

थोड्या वेळाने डाव्या बाजूला कर्र आवाज झाला. तो रुंद दगड हळूच पुढे झुकला आणि खाली गेला. कितीतरी वेळाने धप्प आवाज आला.

गडी गाडी रिकामी करून ओढ्याकाठी भाकरी खायला बसले होते. व्यापाऱ्याला ते सापडून, पळत येईपर्यंत अर्धा-पाऊण तास तरी गेला असेल. ते आले, त्यांनी दोर धरला, पडलेल्या लाकडावरून ओढून शिष्याला वर घेतलं. डोळे चिखलाने भरलेले, काही दिसत नव्हतं. जमीन लागताच त्याने तोंड सोडलं. "कुठंय म्हातारा? चाळीस हाका दिल्या! 'आहे' एवढं म्हणवत नव्हतं? तोंडात काय गुळणी धरली होती?"

एका गड्याने त्याच्या डोळ्यांवर पाणी मारलं.

मग त्याला दिसलं. गाळाच्या ढिगामागे वृद्ध उताणा पडला होता. खुंटा उपटून निघाला होता आणि त्याच्याखाली सापडून उजव्या हाताची बोटं चेंगरली होती. दोराचा एक वेढा कमरेभोवती, टाचा एका दगडाला रोवलेल्या, डाव्या हाताची कातडी निघालेली. आणि वेढा सरकू नये म्हणून दोराचं मोकळं टोक त्याने दातांत धरलं होतं. माणूस वर आला होता, तरी जबडा उघडत नव्हता. गड्यांनी गाल चोळून चोळून तो दोर सोडवला. दोराबरोबर समोरचे दोन दात आले.

शिष्य तिथंच मातीत बसला. त्याला वृद्धाच्या पायांवर हात ठेवायचा होता, पण हात पुढे होईना. इतकं पाहूनही त्याच्या तोंडून तेच निघालं, "बाबा, पण एकदा तरी..."

वृद्धाने रक्त थुंकलं, चूळ भरली आणि बोबड्या आवाजात म्हणाला, "'आहे' म्हणायला तोंड उघडलं असतं, तर तेवढं तुझ्या कानावर पडलं असतं आणि तू खाली गेला असतास. मला दोन्ही जमत नव्हतं लेका. मी धरणं पत्करलं."

शिष्याने मान खाली घातली.

"आणि तू एकटाच विचारत होतास असं समजू नकोस," वृद्ध म्हणाला. "मी इथं उताणा. वर नुसतं ऊन. मीही मनात विचारत होतो, बापा, आहेस का? तुझ्या चाळीस हाका, तर माझ्या चारशे. वरून शब्द आला नाही. एकसष्ट वर्षांचा आहे मी. माझ्या अंगात किती बळ आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. शंभर अंक मोजेपर्यंत ते संपलं. त्याच्यापुढे जे धरलं, ते माझं नव्हतं. माझ्यावर जीव असल्याशिवाय एवढा वेळ कोण धरून ठेवील मला? सकाळी तू विचारलंस ना, उत्तर येतं का म्हणून? आता तूच सांग."

शिष्याने आपल्या कमरेकडे पाहिलं. गाठ तशीच होती. वृद्धाची बोटं चेंगरलेली, म्हणून त्याने डाव्या हाताने आणि उरलेल्या दातांनी ती सोडली. गाठ वरच्यानेच सोडायची.

पाळकीणबाईंना शेवटी एक बोध लागतो, तो असा. ज्याला देव दिसत नाही, त्याने 'मला दिसत नाही' एवढंच म्हणावं; 'नाही' म्हणण्याआधी ढिगामागे जाऊन यावं.

आणि आता नावांचं. वृद्धाचं नाव मी घातलेलं नाही, त्याला आवडलं नसतं. शिष्य मी, हे तुम्हाला कळलंच असेल. व्यापाऱ्याने मात्र त्या दुपारी माणसं शोधता शोधता गावभर सांगितलं होतं की म्हातारा दोर टाकून पळाला. संध्याकाळी सगळं कळलं, तरी शब्द मागे घेतला नाही. आजही म्हणतो, "जे दिसलं ते बोललो." वृद्धाने त्याला त्याच रात्री क्षमा केली, ती प्रार्थना मी कानांनी ऐकली आहे. वृद्ध गेल्यावर ते क्षमेचं काम माझ्याकडे आलं. पंचावन्न वर्षं मी रोज प्रार्थनेला बसतो आणि 'व्यापाऱ्याला मी क्षमा केली' या एका वाक्यापाशी येऊन अडतो. कधीतरी ते वाक्यही निघेल. ज्याने तेव्हा बोटांत बळ घातलं, तो जिभेतही घालील. पण व्यापाऱ्यानेही थोडं हलायला काय हरकत आहे? चर्चमध्ये तो पंख्याखाली पहिल्या बाकावर बसतो, मी शेवटच्या. मध्ये आठ पावलं आहेत. मला चालवत नाही. हाक मार शेट गमलिएल पाटोळे, मी आहे.