बुवांनी सैल केलेल्या खुंट्या

“तिचं काय, ती करेल अ‍ॅडजस्ट.”

एकदा एका नव्या सुनेच्या कानांवर हे वाक्य पडले. सासूबाई स्वयंपाकघरात फोनवर लेकीशी बोलत होत्या, आणि सून दाराआड कपड्यांच्या घड्या घालत होती. नणंदेच्या घराची दुरुस्ती निघाली होती. दोन मुलांना घेऊन ती चार महिने इथे राहणार होती. तिला सुनेची खोली हवी होती, आणि मुलांच्या डब्यांसाठी सुनेची सकाळ.

सकाळी सात ते आठ सून एका वृद्ध गवयाकडे गाणे शिकायला जाई. माहेरहून आणलेल्यापैकी तेवढेच आता तिचे असे उरले होते.

या घरात तो इंग्रजी शब्द मिठासारखा सगळ्यात पडे. सोफ्यावर सरकून बसणे म्हणजे अ‍ॅडजस्ट, शेवटची गार पोळी खाणे म्हणजेही अ‍ॅडजस्ट. तिचे ठरलेले माहेरी जाणे रद्द झाले, तेव्हा नवरा म्हणाला होता, “या वेळी कर ना जरा अ‍ॅडजस्ट.” ‘जरा’ हा त्या शब्दाचा सख्खा भाऊ.

दुसऱ्या दिवशी ती गुरूंना म्हणाली, “बुवा, सोमवारपासून मला येता येणार नाही. घरी जरा अ‍ॅडजस्ट करावं लागतंय.”

बुवांनी तंबोरा तिच्या हाती दिला. “जुळव.”

तिने मधल्या दोन तारा षड्जाला, म्हणजे ‘सा’ला लावल्या आणि बाकीच्या त्यांच्याशी जुळवल्या. तोच बुवांनी हात लांबवून मधल्या तारांच्या खुंट्या किंचित सैल केल्या. “हं, आता?” तिने उरलेल्या तारा पुन्हा जुळवल्या. बुवांनी पुन्हा खुंट्या फिरवल्या. असे सात-आठ वेळा झाले. तिचे मनगट भरून आले. अखेरीस सगळ्या तारा इतक्या सैल पडल्या की छेडल्यावर नुसती फडफड झाली.

“बुवा, आता कशाशी जुळवू? काही ऐकूच येत नाही.”

“एकमेकींशी जुळल्यात ना? मग तक्रार कसली?” बुवा हसले. मग तेही थकल्यासारखे दिसू लागले.

“मुली, सरकणं, सोसणं, सोडून देणं, मन मारणं, या प्रत्येकाला आपल्याकडे वेगळा शब्द आहे. तो वापरला की मागणाऱ्यालाही कळतं आपण काय मागतोय ते. ‘मन मार’ असं तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून हा एक शब्द बरा पडतो. मीही आमच्या हिला चाळीस वर्षं तोच सांगितला. गळा तिचा माझ्याहून चांगला होता. जुळवून घ्यावं, अवश्य घ्यावं. पण एक स्वर ठरलेला असावा. तोही हलू दिलास, तर सगळं जुळेल आणि वाजणार काहीच नाही.”

ती घरी आली तेव्हा सासूबाई आणि नवरा तिच्या हातच्या दुसऱ्या चहासाठी थांबले होते.

“आलीस? बरं झालं,” सासूबाई म्हणाल्या. “ताई यायचीय. म्हटलं, तुझ्या कानावर घालावं.”

“पडलंय कानावर,” ती म्हणाली. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केले.

“खोली ताईंना देऊ, आई. आम्ही बाहेर झोपू. मुलांचे डबेही साडेसहाला भरून ठेवीन. पण सात ते आठ मी गाण्याला जाणार, ते बदलणार नाही. तेवढा दुसरा चहा तुमचा तुम्ही करून घ्या.”