पाच नंबरची कॉलर

एकदा एक म्हातारे केबिनमन आणि त्यांचा एक हुशार शिष्य जुन्या लोखंडाला बोलते करायला बसले होते. लोखंड म्हणजे बारा लिव्हरची एक रांग. एका बंद पडलेल्या सिग्नल केबिनमधून ती उचलून रेल्वेच्या एका प्रशिक्षण केंद्रात आणली होती. आता सिग्नल बटणांवर चालतात, तेव्हा या रांगेचे करायचे काय, असा प्रश्न केंद्राच्या प्राचार्यांना पडला. त्यांना त्या दालनात संगणक बसवायचे होते. तरी माणूस भला. त्यांनी शिष्याला, म्हणजे तिथल्या तरुण शिक्षकाला, एक महिन्याची मुदत दिली. बटणांवरून शिकता येत नाही असे काही या लोखंडावरून नव्या उमेदवारांना शिकवता आले, तर ते राहील. नाही तर भंगारात जाईल.

शिष्याचा त्या लिव्हरवर जीव जडला होता. तो चौकशी करत करत म्हाताऱ्यांच्या घरी पोचला, कारण याच बारा लिव्हर त्यांनी एकतीस वर्षे ओढल्या होत्या. ते लगेच चपला घालून निघाले. शिष्य त्यांना गुरुजी म्हणू लागला, तर म्हणाले, रेल्वेत गुरुजी नसतात, मास्तर म्हण. तेव्हापासून ते मास्तर झाले.

दोघांनी मिळून काम सुरू केले. टेबलावर एक छोटे स्टेशन उभे राहिले: दोन फलाट, दोन लाइनी, गाडी एका लाइनीवरून दुसरीवर वळवणारा सांधा, आणि काठीएवढ्या खांबांवर लाल हातांचे सिग्नल. लिव्हर ओढली की तार ताणली जाई आणि खरोखरचा सिग्नल पडावा तसा तो इवलासा हात खाली येई, म्हणजे गाडीला आत यायची परवानगी. पण सगळ्यात मोठे काम लिव्हरच्या पायाशी होते. तिथे एक पेटी होती आणि तिच्यात लोखंडी पट्ट्यांची गुंतागुंत होती. सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नलची लिव्हर हलू नये, एक सिग्नल पडला असताना त्याच्या विरुद्धचा पडू नये, हे सारे ती पेटी पाही. मास्तरांनी गंज खरवडून एकेक पट्टी जागेवर बसवली. शिष्याने प्रत्येक लिव्हर चुकीच्या क्रमाने ओढून पाहिली. एकही हलली नाही. तो हरखून गेला.

आता गंमत अशी, की शिष्याला या यंत्रातल्या प्रत्येक खिळ्याचे कारण ठाऊक झाले, आणि नेमकी एकच गोष्ट कळेना. सराव करताना खेळातली गाडी दुसऱ्या लाइनीवर येऊन थांबली, की मास्तर सिग्नलची पाच नंबरची लिव्हर परत जागी लावत आणि खिशातून लाल रंगाचे, हातातल्या कड्यासारखे एक लोखंडी वळे काढून तिच्या मुठीवर अडकवत. केबिनमध्ये त्याला कॉलर म्हणतात, एवढेच त्यांनी सांगितले. गाडी पुढे निघून गेली की ते ती काढून पुन्हा खिशात टाकत.

शिष्याने ती कॉलर उलटसुलट करून पाहिली. ती कशालाच जोडलेली नव्हती. तिच्यामुळे पेटीतली एकही पट्टी हलत नव्हती. एका बोटाने उचलली की निघत होती. यंत्राच्या नकाशात तिचा पत्ता नव्हता. मग ती करते काय? त्याने विचारले, तर मास्तर म्हणाले, "असू दे." दुसऱ्यांदा विचारले, तर फडक्याने मूठ पुसत राहिले. शिष्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. कधी वाटे, दारावर लिंबूमिरची बांधतात तसा हा नजर न लागण्याचा काही प्रकार असावा. कधी वाटे, वय झाले, हाताला चाळा लागला आहे. इतक्या चोख यंत्राच्या गळ्यात हे निरर्थक वळे त्याला बघवेना. नाराजी मात्र त्याने दाखवली नाही, कारण मास्तरांचा त्याला खरोखर आदर होता.

मुदत संपली. प्राचार्य पाहणीला यायचे होते, त्यांच्यासोबत अकरा उमेदवारही होते. शिष्याने सकाळी लवकर येऊन दालन झाडले, लिव्हर चमकवल्या आणि मास्तरांनी आदल्या संध्याकाळी खुंटीला टांगून ठेवलेली ती कॉलर हळूच टेबलाच्या खणात सरकवली. मास्तर आले. त्यांनी रिकामी खुंटी पाहिली, शिष्याकडे पाहिले आणि शेजारच्या स्टेशनची घंटा वाजवायचे काम त्यांचे होते, तिच्यापाशी स्टूल ओढून बसले.

शिष्य छान बोलत होता. घंटा झाली, त्याने होकाराची उलट घंटा दिली, सांधा वळवला, पाच नंबर ओढली. गाडी डौलात येऊन दुसऱ्या लाइनीवर उभी राहिली. त्याने सिग्नल परत लावला आणि पेटीचे झाकण उघडून दाखवले. "या यंत्रातून चूक होणं अशक्य आहे," तो म्हणाला. उमेदवार टेबलाला खेटून पेटीत डोकावू लागले. एकाने पट्ट्यांविषयी विचारले. मास्तरांनी मध्येच चहा मागवला. प्राचार्यांनी तारेच्या लांबीची शंका काढली आणि शिष्य तिचे उत्तर देण्यात रंगून गेला. तेवढ्यात घंटा झाली. शेजारचे स्टेशन विचारत होते, गाडी सोडू का? शिष्याने बोलता बोलता सवयीने उलट घंटा दिली. सांधा मघाशी वळवला होता तसाच होता. त्याने पाच नंबर ओढली. ती लोण्यासारखी आली. सिग्नल पडला, दुसरी गाडी आत शिरली आणि उभ्या गाडीच्या पाठीवर जाऊन आदळली. तिचे दोन डबे जमिनीवर पडले.

उमेदवार हसू लागले. शिष्य हसला नाही. त्याने पेटीत हात घातला, एकेक पट्टी चाचपली, पुन्हा चाचपली. सगळे जिथल्या तिथे होते. यंत्राने काहीच चूक केली नव्हती, आणि टक्कर तर झाली होती. प्राचार्य अवघडून म्हणाले की तुमची मेहनत दिसते आहे, पण यातून उमेदवारांनी नेमके काय शिकायचे? उद्या हे उचलायला सांगतो.

तेव्हा मास्तर स्टुलावरून उठले. त्यांनी खण उघडून ती कॉलर काढली. आपण ती कुठे ठेवली हे त्यांना कसे कळले, असा प्रश्न शिष्याला पडला.

"ही पेटी फक्त लिव्हरना ओळखते," मास्तर म्हणाले. "कुठली आधी, कुठली मागून, हे तिला पक्कं ठाऊक. पण रुळावर गाडी उभी आहे हे तिला कोण सांगणार? ते तुला ठाऊक होतं. तूच ती आत घेतलीस. मग पाहुणे आले, प्रश्न आले, चहा आला, आणि तुझं ठाऊक असणं कधी निघून गेलं ते तुलाही कळलं नाही. हात मात्र शिकलेला होता, तो लिव्हरवर गेला. अशा वेळी हाताला काहीतरी लागावं लागतं. म्हणून ही."

"पण मास्तर, मी विसराळू नाही," शिष्य कसेबसे म्हणाला.

"म्हणूनच तू ती खणात टाकलीस. विसराळू माणूस बिचारा खुणा करून ठेवतोच. घोटाळा करतो तो ज्याला आपल्या डोक्याचा भरवसा आहे तो. आणि एक लक्षात ठेव, विसरल्यावर कॉलर घालता येत नाही. गाडी डोळ्यांसमोर आहे, सगळं लख्ख आठवतंय, खूण करायची काही गरज वाटत नाही, नेमकी त्याच घडीला ती घालायची असते. एकतीस वर्षांत माझा हात तीन वेळा या कॉलरला लागून थांबला. तिन्ही वेळा मी आधी म्हणालो होतो, ही कशाला घालायची, गाडी तर समोरच उभी आहे."

प्राचार्यांनी ते लाल वळे हातात घेऊन पाहिले आणि टेबलावर ठेवले. मग म्हणाले, मी करून पाहू का? ते लिव्हरपुढे उभे राहिले. त्यांनी पहिली गाडी व्यवस्थित घेतली. कॉलर टेबलावर, हाताशीच होती. ती त्यांनी घातली नाही, कारण आता तर सगळे नुकतेच ऐकले होते. मास्तर घंटेपाशी बसून त्यांच्याशी संगणकांविषयी बोलू लागले, किती बसतील, खिडकीकडे तोंड करून की भिंतीकडे. प्राचार्य हातवारे करून सांगत होते. घंटा झाली. त्यांनी वाक्य पुरे करता करता पाच नंबर ओढली.

यावेळी तीन डबे पडले. प्राचार्यांनी स्वतः खाली वाकून ते उचलले, रुळावर ठेवले आणि संगणकांसाठी दुसरी खोली बघतो म्हणाले. शिवाय केंद्रात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने पहिल्या दिवशी या लिव्हरपुढे उभे राहायचे, असेही ठरवून गेले.

सगळे गेल्यावर शिष्य म्हाताऱ्यांजवळ येऊन बसला. त्याला हायसे वाटत होते आणि रागही आला होता. तो म्हणाला की एका वाक्यात सांगितले असते तरी मला कळले असते. तुम्ही गप्प बसलात, आणि हे लोखंड आज भंगारात गेले असते.

"गेलं असतं," मास्तर म्हणाले. "माझी एकतीस वर्षं गेली असती त्याच्याबरोबर. पण 'यातून चूक होत नाही' असं शिकवायला ते इथं उभं राहिलं असतं, तर ते मला सोसलं नसतं."

"पण मला तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुला पटलं असतं रे," मास्तर म्हणाले. "पटलेली गोष्ट माणूस विसरतो."

शिष्याने वही काढली. मास्तरांचे बोलणे जसेच्या तसे आठवत होते, तरीही त्याने ते लिहून घेतले.

आपल्यालाही आज जे अगदी स्पष्ट आठवते आहे, त्याचीच खूण आज करून ठेवलेली बरी.