उच्चैःश्रव्याचा पाचवा पाय

श्री आडवाटे महाराजांचे मूळ नाव कुडवळ्यात कुणालाच ठाऊक नव्हते. कुडवळे हे खाडीकाठचे लहानसे गाव. गावात यायला चांगला रुंद, दोन्ही बाजूंना माड असलेला रस्ता आहे. महाराज मात्र प्रथम आले ते करवंदीच्या जाळीतून, जिथे गुरेसुद्धा शिरत नाहीत अशा बाजूने. अंगावर ओरखडे, डोक्यात काटक्या.

"महाराज, रस्ता तिकडे होता," कुणीतरी सांगितले.

"हो का? पण त्या रस्त्यावर तुम्ही सगळे होतातच की. इकडे कुणी नव्हतं, म्हणून म्हटलं आपण यावं," असे महाराज म्हणाले आणि लक्ष्मीनारायणाच्या सभामंडपात उजवीकडच्या खांबाला टेकून बसले. ते अकरा वर्षे बसले.

त्याच देवळाचे मानकरी होते दाजीशास्त्री खांबेटे. माणूस विद्वान, यात शंका नाही. शंका घेण्याची सोयही नव्हती. त्यांच्या उपरण्याच्या टोकाला एक सुतळी बांधलेली असे आणि तिला बोटाबोटाच्या अंतरावर गाठी. मूर्तीचे नाक, समईची वात, प्रसादाचा लाडू, सगळे त्या सुतळीखालून जाई. एकदा भर कीर्तनात उठून त्यांनी बुवांना विचारले होते, "मारुतीने उड्डाण केलं म्हणता, ते किती योजनांचं?" बुवा जे गेले ते पुन्हा त्या गावाला फिरकले नाहीत.

आणि त्याच गावात राहत होता पुनाजी चित्रकथी. पुराणातले प्रसंग कागदावर रंगवायचे आणि उत्सवात एकेक चित्र लोकांपुढे धरून त्याची कथा गायची, हे त्याच्या घरचे सात पिढ्यांचे काम. त्याने काढलेले राक्षस पाहून मुले आईच्या कुशीत शिरत. त्याने काढलेले देव पाहून म्हातारी माणसे नकळत उठून उभी राहत. लिहिता-वाचता येत नव्हते. महाराजांवर मात्र नितांत श्रद्धा. सकाळी त्यांचे पाय चेपल्याशिवाय तो कुंचला भिजवत नसे.

त्या वर्षी पुनाजीने समुद्रमंथनाची नवी पोथी रंगवली. उत्सवाच्या आदल्या दिवशी शास्त्रीबुवा ती तपासायला बसले. वासुकी ठीक. मंदार पर्वत ठीक. कासवाच्या पाठीवर सुतळी फिरली, तेही ठीक. मग आला उच्चैःश्रवा, समुद्रातून बाहेर पडणारा तो इंद्राचा शुभ्र घोडा. शास्त्रीबुवांची सुतळी पायांपाशी थबकली. त्यांनी मोजले. मग पुन्हा मोजले, या वेळी मागून पुढे. मागून पुढेही पाचच भरले.

"पुनाजी, हे काय?"

"घोडो, शास्त्रीबुवा. समुद्रातून भायर येता तो."

"ते कळलं. त्याचे पाय मोज."

पुनाजीने मोजले आणि त्याचा चेहरा पडला. पोटाच्या बरोबर मधोमध, सरळ खाली उतरलेला पाचवा पाय! खरे सांगायचे तर पाचांत तोच अंमळ चांगला साधला होता.

"अरे देवा नारायणा! माका समाजलाच नाय."

"स्वतः काढलास आणि समजलं नाही?"

"देवाचा नाव घेत पाय काढतंय मी. केशव म्हटला की एक, नारायण म्हटला की दोन. माधव, गोविंद, झाले चार. काल मी रंगवीत होतंय, तेवा तुमी थयच संध्येक बसला होतास. तुमचो आवाज खणखणीत. तुमी गोविंदार थांबलास नाय, म्हणान मीपण थांबाक नाय. फुडे विष्णू इलो, त्येच्याबरोबर ह्यो पाय इलो."

"म्हणजे पाय शास्त्रीबुवांचोच!" मागून कुणीतरी म्हणाले, आणि सभामंडप हसला.

शास्त्रीबुवांचे कान लाल झाले. "पुसून टाक! पांढरा रंग घे, एक हात फिरव, संपलं."

पुनाजी शहारला. "रेघ पुसूक येणा नाय, शास्त्रीबुवा. आमच्या घरात रेघ ओढली की तो जल्माक इलो. ज्येना पुसली त्येना कुंचलो खाडयेत सोडूचो, परत हातात घेवचो नाय. माझ्या काकान सोडलो. मरासर त्येना दारात साधी रांगोळी काढूक नाय."

"मग तूही सोड. उद्या संध्याकाळी उत्सव. तोवर पाय राहिला, तर या देवळातला चित्रकथीचा मान गेला म्हणून समज. सात पिढ्यांचा असो नाहीतर सत्तर!"

पुसावे तर हात गेला, न पुसावे तर देऊळ गेले. पुनाजी तसाच उठला आणि उजवीकडच्या खांबापाशी जाऊन बसला.  महाराजांनी सगळे ऐकले होते.

"शास्त्रीबुवा," महाराज म्हणाले, "रावणाला तोंडं किती?"

"दहा."

"ती कुणी पुसली का?"

"महाराज, त्याला शास्त्राधार आहे!"

"बरं. आणि या घोड्याला काय आधार आहे?"

 विद्वान माणसाला खोटे बोलता येत नाही, ही एक अडचणच आहे. "काही ठिकाणी याला सात मुखं सांगितली आहेत."

"म्हणजे तोंडं सात चालतील?"

"चालतील."

"खायला सात तोंडं आणि चालायला चारच पाय! गरीब जनावर," महाराज हळहळले. मग पुनाजीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "राहू दे रे तो पाय. लागेल."

"लागेल?" शास्त्रीबुवा कडाडले. "पाचव्या पायावाचून कुडवळ्यात कुणाचं अडलं आहे?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मला दोनच आहेत," महाराज म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

शास्त्रीबुवांना रात्रभर झोप आली नाही. देवस्थानाचे वडील मानकरी खाडीपलीकडे राहत. त्यांना चित्र दाखवावे, चित्रकथीचा मान रद्द झाल्याची चिठ्ठी घ्यावी आणि संध्याकाळच्या आत परतावे, असे त्यांनी ठरवले. दुसऱ्या दिवशी जेवण होताच त्यांनी घोड्याचा तो कागद दोन फळ्यांमध्ये घातला, वर मेणकापड गुंडाळले आणि ते खाडीवर आले. होडी पलीकडे गेलेली. ओहोटी लागून पात्र उघडे पडलेले. शास्त्रीबुवांनी मनात तिथी मांडली, घटका मोजल्या आणि धोतर वर खोचले.

काठच्या खडकांवर शेवंताआजी कालवांचे शिंपले फोडत बसली होती. ती ओरडली, "शास्त्रीबुवा, थयसून जाव नका हो!"

"भरतीला अजून तीन घटका आहेत, आजी!"

"भरतीचा नाय हो सांगणय! चिखलाचा सांगतंय!"

पण पंचांगात भरतीची वेळ दिलेली असते. चिखलाची खोली दिलेली नसते. शास्त्रीबुवा अर्ध्या खाडीपर्यंत छान गेले. मग उजवा पाय घोट्यापर्यंत गेला. तो काढायला जोर लावला, तेव्हा डावा गुडघ्यापर्यंत गेला. डावा काढू गेले, तोवर दोन्ही मांड्यांपर्यंत रुतले. आजीने हाकाटी केली, पण गाव उत्सवाच्या तयारीत, काठावर दुसरे कुणी नाही. ती खडकावरून उतरून चार पावले पुढे आली आणि तीही रुतू लागली, तशी मागे सरकली.

आणि भरती आली. पंचांगाबरहुकूम, अगदी वेळेवर आली. आयुष्यात पहिल्यांदाच शास्त्रीबुवांना वाटले, पंचांग चुकले असते तर बरे झाले असते!

पाणी कमरेला लागले. मग छातीला. शास्त्रीबुवांनी चित्राच्या फळ्या दोन्ही हातांनी डोक्यावर धरल्या होत्या. त्या टाकल्या असत्या, तर हात मोकळे झाले असते. पण आत इंद्राच्या घोड्याचे चित्र होते, ते त्यांच्याने टाकवेना. एवढे त्यांचे पुण्य म्हणायचे. हनुवटीला पाणी लागले, तेव्हा त्यांनी संध्येची नावे घ्यायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखा खणखणीत मुळीच नव्हता.

"केशवा... नारायणा... माधवा... गोविंदा..."

इथे एक लाट तोंडावर आली. शास्त्रीबुवा पाणी थुंकले आणि सगळा प्राण एकवटून ओरडले, "विष्णो!"

पाणी दुभंगले. समोर घोडा होता.

शास्त्रीबुवांनी तो लगेच ओळखला, आणि ओळखल्यामुळेच त्यांची दातखीळ बसली. तो घोड्यासारखा पांढरा नव्हता, रंगासारखा पांढरा होता. भोवती कोळशाची काळी रेघ. एकच टपोरा डोळा. मान फिरवली तरी बाजूनेच दिसणारा. बाजूने पाहिला तर भला थोरला, आणि वळला की कागदाएवढा पातळ! ऐन खाडीत डिंकाचा आणि ओल्या रंगाचा वास सुटला.

घोडा चालत जवळ आला आणि त्याचाही पुढचा पाय रुतला. मग दुसरा. मग मागचे दोन. शास्त्रीबुवांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. देवाने पाठवले, तेही रुतले! पण सवय कुठे जाणार? त्यांनी मोजले. एक, दोन, तीन, चार. चारही चिखलात.

तेवढ्यात पोटाच्या मधोमधून पाचवा पाय खाली आला. पाण्याखाली कुठेतरी कालवांनी मढलेला खडक होता. त्याच्यावर तो कचकन टेकला आणि घोड्याने नेट लावला. शास्त्रीबुवांनी एक हात सोडला आणि त्या पायाला घट्ट मिठी मारली. हाताला खूर लागायला हवा होता. लागली ती बोटे. शास्त्रीबुवांनी ती मोजली नाहीत.

शुद्धीवर आले, तेव्हा ते कुडवळ्याच्याच काठावर पालथे पडले होते. हातात फळ्यांचे गाठोडे तसेच. जवळ शेवंताआजी वाळूकडे बघत बसली होती. तिचे तोंड उघडे ते मिटत नव्हते.

"आजी... तू पाहिलंस?"

"माका खय काय दिसला! तुमी तेवडे उभेच्या उभे पाण्यावरसून सरकत इलास," ती कशीबशी म्हणाली. "पण शास्त्रीबुवा, हे ठसे बगा. चार आणि मदी एक. चार आणि मदी एक. ह्या खयचा जनावर हो?"

शास्त्रीबुवा उत्तर द्यायला थांबले नाहीत. ओल्या धोतरानिशी, डोक्याला शेवाळ, अशा अवतारात ते गावातून धावत सुटले. ज्या माणसाला गावाने कधी भरभर चालतानाही पाहिले नव्हते, तो धावतो आहे म्हटल्यावर अर्धा गाव मागे आला.

सभामंडपात पुनाजी महाराजांच्या शेजारी बसला होता. कुंचला फडक्यात गुंडाळून त्याने पुढ्यात ठेवला होता. महाराजांनी तर पाय राहू दे म्हटले होते. संध्याकाळी देवळाचे दार आपल्याला बंद होणार, हे त्याने धरूनच ठेवले होते.

 शास्त्रीबुवांनी गाठोडे सोडले. मेणकापड आतून कोरडे. फळ्या कोरड्या. त्यांनी वरची फळी उचलली आणि बायाबापड्यांनी तोंडाला पदर लावले.

घोड्याचे चार पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. रंगवलेला चिखल नव्हे! ओला, काळा, खाडीचा वास येणारा चिखल. पाचवा पाय तेवढा स्वच्छ होता, आणि त्याच्या तळाशी बारीक तांबडे ओरखडे उमटले होते.

"गे बाय माझे!" पुनाजी किंचाळला. "ह्ये ओरखडे मी काढूक नाय!"

एका भाविकाने घाईघाईने पंच्याचे टोक पुढे केले. चित्र खराब होते आहे, चिखल टिपून घ्यावा, एवढाच त्याचा हेतू.

"पुसू नका!"

केवढ्याने ओरडले शास्त्रीबुवा! देवळातली कबुतरे उडाली. "खबरदार कुणी काही पुसाल तर! जे आहे ते आहे!"

मग ते महाराजांकडे वळले. महाराज नेहमीसारखे खांबाला टेकून बसले होते. उजवा पाय मांडीखाली होता आणि डाव्या पायाला पुनाजीचे रंग पुसायचे फडके बांधलेले होते. त्यातून रक्त झिरपत होते.

"हे... हे कधी झालं?" शास्त्रीबुवांनी विचारले.

पुनाजी म्हणाला, "दुपारीच. महाराज हयच बसले होते, मी पाय चेपीत होतंय. एकाएकी पाय आकसून घेतल्यानी आणि रगताची धार लागली. बगतंय तर तळव्यात ह्या रुतला होता." त्याने ओंजळ पुढे केली. तीत कालवाच्या शिंपल्याचे तुकडे होते.

शास्त्रीबुवा पाहतच राहिले. अकरा वर्षे खांबापासून न हललेला माणूस. खाडी तिथून पाव कोस. मिठी मारली तेव्हा हाताला लागलेली ती बोटे!  त्यांनी उपरण्याच्या टोकाची ती गाठींची सुतळी सोडली आणि पुनाजीच्या हातात ठेवली.

"पोथी बांधायला घे," ते म्हणाले. "आणि संध्याकाळी या घोड्याची कथा तू गा, बाबा. समई मी धरतो."

पुनाजीने कुंचल्यावरचे फडके सोडले. 

शास्त्रीबुवा महाराजांच्या पायांशी वाकले, तसा महाराजांनी हात आडवा केला. त्यांच्या डोळ्यांत मिस्कील हसू होते.

"थांबा, शास्त्रीबुवा. आधी मोजून घ्या. एखादा जास्त निघायचा."

"नाही मोजत, महाराज," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि त्या रक्ताळलेल्या फडक्यावर कपाळ टेकून लहान मुलासारखे रडू लागले.