वीटभट्टीवरची पोरं

“...मग कुलूप लावण्याशिवाय दुसरं काय करणार होतो मी, बुवा?”

गजेंद्र हातात किल्ली घेऊन उभा होता.

मठाच्या ओट्यावर केवलबुवा मेथी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

गजेंद्र त्यांचा नावाजलेला शिष्य. तालुक्यातल्या कॉलेजांत व्यसनावर बोलायला त्यालाच बोलावत. त्याचं ऐकून आया पदरानं डोळे पुसत. आणि काल त्याचाच धाकटा भाऊ वैजनाथ बंद पडलेल्या वीटभट्टीमागे गर्द ओढताना सापडला. गजेंद्रनं त्याला फरफटत मठात आणलं आणि कोठीच्या खोलीत कोंडलं.

आतून कण्हणं ऐकू येत होतं. मधेच ते थांबे. थांबलं की गजेंद्र दाराकडे बघे.

“बोललास त्याच्याशी?” बुवा म्हणाले.

“खूप बोललो. दाराबाहेरून.”

“तो काय म्हणाला?”

“...काही नाही.”

“फाटकाशी कोण बसलंय?”

“तौफिक. त्याच टोळक्यातला. आता सोडलंय म्हणतो. असल्या दोस्तांनीच वाटोळं केलं याचं. हाकललं तरी हलत नाही, मला आत सोडा म्हणतो.”

“बोलाव.”

तौफिक आला. हडकुळा, वैजनाथच्याच वयाचा. चपला काढून उभा राहिला.

“आत जाऊन काय सांगशील त्याला?” बुवांनी विचारलं.

“सांगायचं काय, बुवा? त्याला सगळं पाठ आहे. दादांचं भाषण आम्ही शेजारी बसूनच ऐकलं होतं.” तो घुटमळला. “तिथूनच भट्टीवर गेलो होतो.”

गजेंद्रनं तोंड फिरवलं.

“मग जातोस कशाला?”

“आज त्याची हाडं कुणी पिळतंय असं होईल. आपण मरतोय असं वाटेल. मलाही वाटलं होतं... मी समोर दिसलो तर त्याला धीर येईल. मग सरकारी दवाखान्यात नेतो. माझं औषध तिथलंच चालू आहे.”

“दवाखान्यात?” गजेंद्र ओरडला. “सगळा तालुका बघेल! माझा भाऊ...”



बुवांनी हात पुढे केला. गजेंद्रनं किल्ली दिली. बुवांनी ती तौफिकच्या तळहातावर ठेवली.

“बुवा, पळून गेले दोघं तर?”

“जाऊ शकतात.”

तौफिक आत गेला. आतून कडी लागली.

थोड्या वेळानं आत काहीतरी धाडकन आपटलं. गजेंद्र दाराकडे धावला. बुवांनी त्याला मनगटाला धरून खाली बसवलं आणि मेथीची जुडी पुढे सरकवली.

तो निवडू लागला. पानं टाकून देत होता, काड्या ठेवत होता.

आत वैजनाथ रडायला लागला. लहान मुलासारखा, मोठ्यानं. मधूनमधून तौफिकचा आवाज येई. शब्द कळत नव्हते.

दुपारी दार उघडलं. तौफिकच्या खांद्याचा आधार घेत वैजनाथ बाहेर आला. चेहरा पांढराफटक.

गजेंद्र लगबगीनं उठला. “चल, मीही येतो दवाखान्यात.”

“दादा, तू नको.” वैजनाथनं वर पाहिलं नाही. “आत्ता तरी नको...”

दोघांची रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत गजेंद्र फाटकाशी उभा होता.

दोघं औषध घेऊन परतले. तौफिक मठातच राहिला. वैजनाथ औषध घेई, चिडे, थाळी फेकून देई. तौफिक ती उचलून आणी. हळूहळू वैजनाथला झोप लागू लागली. महिने गेले.

एका संध्याकाळी दोघं फाटकातून निघाले.

“कुठे?” गजेंद्रनं विचारलं.

“भट्टीवर.”

गजेंद्रनं फाटक धरलं.

“उमेश बसतो तिथं,” वैजनाथ म्हणाला. “आमच्यातलाच. हल्ली एकटाच असतो. बघतो, येतो का आमच्याबरोबर.”

“मग मी येतो. मी समजावतो त्याला.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ते निघून गेले.

गजेंद्र धावतच स्वयंपाकघरात आला. बुवा चूल पेटवत होते.

“बुवा, तिथं गेल्यावर वैजूचं मन पुन्हा फिरलं तर? तौफिकचंही फिरलं तर?... आणि मी नुसता इथं बसून राहू? मी काहीच करायचं नाही?”

बुवांनी चुलीत फुंकर मारली.

“भात जास्तीचा टाक.”